परसदार : तेल की ग्रीस?



यंदा गणपतीत मंडळाच्या आरतीला जे जे भेटले, त्यातल्या निम्म्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडी कुठवर आली?" उरलेल्या निम्म्यांनी, "अजून चाललंय का ते?" असं विचारलं. दुसरा प्रश्न माझ्या बायकोच्या माहेरचा होता, असं समजा.

या सदरात मी आजवर आजीच्या शिवणयंत्राबद्दल लिहिलं, विहिरीच्या रहाटाबद्दल लिहिलं, मागच्या महिन्यात बाजाच्या पेटीच्या भात्याबद्दल लिहिलं. पण परसात अडीच वर्षं जी सर्वांत मोठी वस्तू उघडी पडली होती, तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. कारण त्या गाडीची गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती. ती लिहायला अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, परवानगी हवी होती. ती गेल्या आठवड्यात मिळाली. "लिही," म्हणाले, "पण नीट लिही. मोघम नको." आमचे अप्पा बँकेत होते. मोघम त्यांना चालत नाही.

तर नीट लिहितो.

गाडी आहे १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दरवाज्यांची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली नसेल. जुन्या सिनेमात अँबॅसॅडर आणि फियाट यांच्या मधून एखादी नाजूक, मागे पंख फुटल्यासारखी गाडी जाते ना, ती. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. १९५९ साली ती तिकडे आली. तिचा आकार काढला इटलीतल्या ट्यूरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. आपल्याकडे १९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती बनवायला घेतली.

काम सुरू केलं तेव्हा माझी लेक नववीत होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबा, ही स्पोर्ट्स कार आहे का?"

नाही म्हणायला जीव होईना. आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. याच हेराल्डची चौकट लांबीला कमी करून, तिचीच पुढची चाकांची जोडणी घेऊन, त्याच मिकेलोत्तींनी ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आखली. ती १९६२ साली आली आणि १९८०पर्यंत बनत राहिली. तेव्हा मी लेकीला सांगितलं, "ही स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. संसाराला लागलेली." तिला ते पटलं. पुढे या धाकट्या बहिणीनेच थोरलीला वाचवलं, पण ते नंतर.

अप्पांनी ही गाडी १९७८ साली दुसऱ्या हाताने घेतली. सोबत पुस्तक वगैरे काही मिळालं नाही, नुसती किल्ली आणि कागद. टिळकवाडीत तेव्हा गाड्या मोजक्या. अप्पा दर रविवारी सकाळी तिला धूत, पुसत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुनी चटई घालून तिच्याखाली शिरत आणि ग्रीस गनने सगळ्या सांध्यांना ग्रीस भरत. एक वही होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, ग्रीस, टायरमधली हवा, सगळं त्यात. त्यांच्या बँकेतल्या खातेवहीपेक्षा ती स्वच्छ असेल.

मे १९८६मध्ये आम्ही सावंतवाडीला आजोळी निघालो होतो. मी अकरा वर्षांचा, मागच्या सीटवर, मांडीवर आजीसाठी घेतलेला कुंद्याचा डबा. आंबोली घाट उतरताना एका वळणावर अप्पांनी गाडी अगदी हळू केली, स्टीअरिंग पूर्ण फिरवलं, आणि गाडी पुढून डाव्या बाजूला खाली बसली. घासत गेली आणि डोंगराकडच्या गटारीत तोंड घालून थांबली. दुसरी बाजू दरीची होती. ती बाजू आम्हाला मिळाली नाही, एवढंच.

मला खरचटलं. अप्पांना काही झालं नाही. पुढे बसलेल्या आईचं डावं मनगट मोडलं.

गाडी ट्रकवर घालून बेळगावला आणली. ज्याने त्या वेळी पाहिली तो म्हणाला, "गटारीत चाक गेलं, म्हणून तुटलं." कंपनीने हेराल्ड बनवणं केव्हाच बंद केलं होतं, सुटे भाग मिळेनात. गाडी परसात फणसाखाली ताडपत्री घालून उभी राहिली. आमच्या एका नातेवाइकांनी भर पंगतीत म्हटलं, "घाट उतरायला हात लागतो. आकडेमोड वेगळी." अप्पा हसले. त्यानंतर त्यांनी कुठलीच गाडी चालवली नाही. कुणी विचारलं तर एकच वाक्य: "मी ब्रेक उशिरा दाबला."

आई मात्र दर वेळी म्हणायची, "नाही हो. आवाज आधी झाला. टक् करून. मग गाडी कलली." तिचं मनगट पुढे कधी पूर्ण वळलं नाही. पोळ्या लाटताना ती पोळपाट फिरवायची, लाटणं नाही. आवाजाची गोष्ट ती सांगायची तेव्हा अप्पा मान हलवून दुसरा विषय काढायचे. सहा वर्षांपूर्वी आई गेली.

एवढं लिहिल्यावर आता गाडीकडे येतो. तरुण मंडळींनो, घरी जुनी गाडी उघडायची असेल, तर आमच्या चुकांतून निघालेलं थोडं ऐकून ठेवा.

पहिलं म्हणजे ताडपत्री. आपल्या बेळगावच्या पावसात ताडपत्रीइतका गाडीचा शत्रू नाही. पाणी वरून थांबतं, पण खालची ओल आत कोंडते. आमच्या गाडीच्या दारांखालचे पत्रे आणि चौकटीला बाजूने फुटलेले लोखंडी हात बिस्किटासारखे झाले होते. गाडी ठेवायचीच असेल तर छपराखाली, वारा खेळता ठेवून ठेवा.

दुसरं, कागद. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळे नियम केले. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. पण ही गाडी रोज भाजी आणायला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर. म्हणून हौसेला येऊन तिचा आकार बदलू नका, दुसरं इंजिन ठोकू नका. आमची फाइल अजून चालू आहे.

तिसरं, पिशव्या. एक नट काढला की पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. हे काम लेकीने घेतलं. तिच्याकडे चारशेच्या वर पिशव्या झाल्या. एकदा मी घाईत सहा बोल्ट खिशात घातले, तर तिने मला जेवताना सर्वांसमोर खिसा उलटा करायला लावला. या गाडीला मिलिमीटरचे पाने लागत नाहीत, इंची लागतात: सात सोळांश, अर्धा इंच, नऊ सोळांश. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि मग नटाचे कोपरे खाऊन टाकतो.

चौथं, जीव. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली मजबूत लोखंडी घोड्या लावायच्याच. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगचा टॉर्च लावायचा नाही, आतली वाफ पेट घेते. आणि जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुंकून उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं बंद पिशवीत टाकून द्यायचं.

हेराल्ड घरी उघडायला सोपी, याला एक मजेदार कारण आहे. इंग्लंडमध्ये या कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ साली तिच्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. मग अखंड बॉडी बनवून देणार कोण? म्हणून त्यांनी खाली वेगळी चौकट ठेवली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टने जोडायचे ठरवले, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून एकत्र आणता येतील. पुढचं अख्खं बॉनेट, मडगार्डासकट, मगरीच्या जबड्यासारखं पुढे उघडतं. टप बोल्टने लागतो. मागचा भाग बोल्टने. शेजारची चार पोरं आणि एक चहाची किटली एवढ्यावर आम्ही बॉडी चौकटीवरून उतरवली. कंपनीची अडचण साठ वर्षांनी आमच्या सोयीची झाली.

इंजिन ९४८ सीसीचं, चार सिलिंडर, ६३ मिलिमीटरचा बोअर आणि ७६चा स्ट्रोक. ते पूर्ण अडकलं होतं. प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतलं आणि रोज संध्याकाळी पुली हलवून पाहिली. बाराव्या दिवशी ती केसभर सरकली. लेक ओरडली तेव्हा शेजारच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या. पुढचं काम उद्यमबागमध्ये. आपण बेळगावकर नशीबवान आहोत. ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, काय हवं ते दोन-तीन किलोमीटरच्या आत. तिथल्या एका अण्णांनी सिलिंडर वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, मोठे करून दिले आणि क्रँकशाफ्ट दहा थाउने घासून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "अगोदर चालू करा की. मग बघू."

आता मूळ गोष्ट.

पुढचं डावं चाक आम्ही शेवटपर्यंत ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मीच टाळत होतो. कँपातले एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी तरुणपणी हेराल्ड उघडलेल्या. त्यांना रिक्षाने घेऊन आलो. ते खुर्ची टाकून चाकापाशी बसले आणि मला सूचना देऊ लागले.

या गाडीचं पुढचं चाक एका उभ्या पोलादी दांडीवर असतं. दांडीच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात, आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात स्क्रूसारखं बसतं. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टीअरिंग फिरवलं की दांडी त्या ठोकळ्यात फिरते. म्हणजे गाडीचं वजनही तिथेच आणि वळणंही तिथेच. आमच्या डाव्या बाजूची दांडी नेमकी या आट्यांत तुटली होती. वरचा भाग चाकाबरोबर लोंबत होता आणि खालचा तुकडा ठोकळ्यात अडकून होता.

तो तुकडा काढण्यात माझी एक संध्याकाळ गेली, कारण मी उलटा फिरवत होतो. डाव्या चाकाचे आटे डाव्या हाताचे असतात, उजव्याचे उजव्या हाताचे. चाचा सगळं बघत बसले होते. अंधार पडल्यावर म्हणाले, "आता दुसरीकडं फिरवून बघा." आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "सांगितलं असतं तर विसरला असता."

तुकडा बाहेर आला. ठोकळ्यात खाली मेणासारखं काळं, घट्ट काहीतरी बसलं होतं. चाचांनी ते नखाने उकरलं, बोटांत चोळलं, वास घेतला.

"ह्यात ग्रीस कुणी भरलं?"

मी काही बोललो नाही.

"ह्याला ग्रीस चालत नाही. तेल लागतंय. गिअरबॉक्सचं, ९० नंबरचं. ग्रीस वरच राहतंय, खालच्या आट्यांपर्यंत जात नाही. मग घट्ट होतंय. खाली पाणी शिरतंय, पोलाद गंजतंय. एक दिवस सावकाश वळताना टक् करून तुटतंय."

टक् करून. चाचांना आमच्या अपघाताबद्दल मी काही सांगितलेलं नव्हतं.

तुकडा रॉकेलने धुतला. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत, कडेला छोटासा भाग वाळूसारखा खरबरीत. मी नोकरीत रोज धातूचेच भाग पाहतो, त्यामुळे याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर, कित्येक महिने हळूहळू वाढत गेलेली. खरबरीत भाग तेवढाच त्या दिवशी तुटलेला. त्या मे महिन्यात आंबोलीत पोचेपर्यंत आमचं चाक बोटाच्या पेराएवढ्या पोलादावर उभं होतं. ब्रेक आधी दाबला असता, नंतर दाबला असता, काही फरक पडला नसता.

लेक तिथेच होती. तिचे डोळे चमकले. "म्हणजे आजोबांची चूक नव्हती! आजी बरोबर सांगायची!" ती घरात धावणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

तिला वही माहीत नव्हती. मला माहीत होती. ग्रीस कुणी भरलं, या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत अप्पांच्या सुवाच्य अक्षरात महिन्या-महिन्याने लिहिलेलं होतं.

आठ दिवस मी तो तुकडा बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवला. ८३ वर्षांच्या माणसाला काय सांगायचं? की तुम्ही गाडी वाईट चालवली नाही, पण ज्या हातांनी दर रविवारी तिची काळजी घेतली त्याच हातांनी ती तुटली? एक ओझं उतरवून दुसरं द्यायचं? मी ठरवलं, नाहीच सांगायचं. चाक बसवू, रंग देऊ, त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारू. झालं.

लेकीला हे मान्य नव्हतं. एका रात्री ती माझ्या खोलीत आली. "बाबा, आजोबांना चाळीस वर्षं वाटतंय की त्यांनी ब्रेक उशिरा दाबला. ते खोटं आहे ना?"

"हो."

"मग ते खोटं आहे हे माहीत असून आपण तसंच ठेवायचं?"

"खरं कळलं तर त्यांना जास्त लागेल."

"ते तुम्ही कसं ठरवणार? गाडी त्यांची आहे."

सोळा वर्षांच्या मुलीशी वाद घालताना आपण आवाज चढवला की समजावं, आपल्याकडे मुद्दा उरलेला नाही. मी आवाज चढवला. मग गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजताच्या चहाला आम्ही दोघं व्हरांड्यात अप्पांसमोर बसलो. डबा उघडला. मी सगळं सांगितलं, चाचा जसे म्हणाले तसं, मोघम नाही. अप्पांनी चष्मा बदलला, तुकडा हातात घेऊन उजेडात धरला. गुळगुळीत भागावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

मग म्हणाले, "वही आण."

वही त्यांच्याच कपाटात होती. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. ४ मे १९८६, रविवार. किलोमीटर, हवा, आणि पुढे: ग्रीस, चारी बाजू. त्याच्या आधीचं पान. ६ एप्रिल, ग्रीस. त्याच्या आधीचं. ते पानं उलटत मागे मागे गेले. मी म्हणालो, "अप्पा, पुस्तक मिळालं नव्हतं तुम्हाला. कुणी सांगितलं नाही." ते काही बोलले नाहीत. वही मिटून आत गेले. चहा तसाच राहिला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. मी तिला काही म्हणालो नाही, कारण काय म्हणावं ते मलाही कळत नव्हतं.

रात्री जेवण झाल्यावर अप्पांनी मला हाक मारली. खाटेवर बसले होते, समोर आईचा फोटो.

"ती म्हणायची, आवाज आधी झाला," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझं मन राखते. एकदाही विचारलं नाही मी तिला, कुठून आला आवाज, कसा आला. तिनं नीट सांगितलं असतं."

मी तिथेच बसून राहिलो.

"ग्रीसचं सोड," ते पुढे म्हणाले. "ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना झालं. पण तिचं ऐकलं नाही, ते ठाऊक असून."

मंडळी, मी इथे काही जोडणार नाही. त्यांनी 'नीट लिही' म्हटलं, ते बहुतेक या वाक्यासाठी.

पुढची हकिकत छोटी आहे. नवी दांडी आणि नवे पितळी ठोकळे मिळाले, ते धाकट्या बहिणीच्या कृपेने. इंग्लंडात स्पिटफायरवर जीव टाकणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे भाग आजही नव्याने बनतात, आणि पुढच्या चाकाची जोडणी दोघींची एकच. लेस्टरला राहणारा माझा आतेभाऊ दिवाळीला येताना आणतो म्हणाला. विमानतळावर त्याची बॅग उघडून त्याला विचारलं म्हणे, हे काय आहे? त्याने सांगितलं, मामाची गाडी. दोन्ही बाजूंचे भाग बदलले, उजवीकडचा अजून शाबूत दिसत होता तरीही. हा असा भाग आहे की एक गेला तर दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

ठोकळ्याच्या पेचाच्या जागी निपल बसवून ग्रीस गनमध्येच ९० नंबरचं तेल भरून मारता येतं. ते आम्ही केलं. म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्या घरी हेराल्ड असेल, तर आजच जाऊन हे एवढं पाहा. बाकी रंग वगैरे नंतर.

वायरिंग लेकीने केलं. जुन्या इंग्रजी गाड्यांत तारांचे रंग ठरलेले असतात: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरवल्यावरची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. हे एकदा पाठ झालं की अख्खी गाडी वाचता येते. ब्रेक मात्र आम्ही घरी केले नाहीत. सगळे रबर आणि सिलिंडर नवे घालून जाणत्या माणसाकडून बसवून घेतले. हौस कुठे थांबवायची हे ठरलेलं असावं.

कागद होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणून गेल्या महिन्यात तिला टेम्पोवर घालून अण्णांच्या कारखान्याच्या आवारात नेलं. रविवार होता, आवार रिकामं. अप्पा आले. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली आणि डावीकडचा दरवाजा उघडून बसले. आईच्या जागेवर.

मी पहिल्या गिअरमध्ये सोडली. हेराल्ड जेमतेम २५ फुटांच्या वर्तुळात वळते, एवढ्या लहान आवारातही ती मजेत फिरते. अप्पांनी काच खाली घेतली आणि कान बाहेर काढून बसले. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, सावकाश एक फेरी. पूर्ण उजवीकडे, एक फेरी. परत डावीकडे. इंजिनाचा आवाज, खडीचा आवाज, मागे लेक टाळ्या वाजवतेय, अण्णा पैसे न घेता हसतायत. आठ-दहा फेऱ्या झाल्यावर अप्पा म्हणाले, "थांबव."

मी घाबरून थांबवली. "काय झालं?"

"काही नाही. काहीच आवाज नाही."

घरी आल्यावर त्यांनी ती जुनी वही मागितली. ४ मे १९८६च्या पुढचं पान कोरं होतं. त्यांचा हात आता कापतो, पण अक्षर अजून ओळखू येतं. तारीख घातली, किलोमीटर घातले, आणि लिहिलं: पुढचे दोन्ही खालचे सांधे. तेल, ९० नंबर. ग्रीस नाही. मग वही लेकीकडे दिली. पुढच्या महिन्याची नोंद ती करणार आहे. 'नाही'खाली दोन रेघा तिने आत्ताच मारून ठेवल्यात.

आंबोलीला अजून गेलेलो नाही. कागद झाले तरी जाऊ की नाही, ठाऊक नाही. त्याबद्दल अप्पा काही बोलले नाहीत आणि या वेळी मीही त्यांच्या वतीने काही ठरवणार नाही.

पुढच्या महिन्यात परसातला जुना पाट्या-वरवंटा आणि त्याला टाकी कशी लावतात, त्याबद्दल. तोवर तुमच्या घरी अडगळीत जे काही बंद पडून आहे, त्याबद्दल घरातल्या थोरांना विचारा. आणि ते काय ऐकू आलं असं सांगतात, तेही विचारा.

भेटू या.